हात तरंगत राहिला तर समजायचं: ताणावर हलक्या हाताच्या बॉडीवर्कची एक केस

मी बॉडीवर्क करते, म्हणजे अंगावर हलका, टेकलेला हात ठेवून शरीराला सैल व्हायला मदत करायची. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांची परवानगी घेतलीये, तरी ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे काही तपशील फिरवलेत. पंचेचाळिशीतल्या बाई, हिशेबाचं काम, तेही घरूनच, महिनाअखेर आली की रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप. आणि त्याच घरात वडील, पक्षाघातानंतर उजवी बाजू जवळजवळ गेलेली, म्हणजे उठवणं, बसवणं, कूस बदलणं, अंघोळ सगळं यांच्याच अंगावर. भाऊ आहे, लांब राहतो, फोन करतो. (हे "फोन करतो" ज्या सुरात आलं त्यातच पुष्कळ कळलं.)

तक्रार काय, तर खांदे. "मला टेन्शन वगैरे काही नाहीये हो मॅडम, फक्त खांदे आणि मान, एकदा दाबून मोकळी करून द्या." मग बोलता बोलता एकेक बाहेर यायला लागलं. झोप लगेच लागते पण पहाटे तीनला टक्क जाग, मग डोळ्याला डोळा नाही. सकाळी जबडा दुखतो, कानापाशी कट्ट वाजतो. मधेच छातीत धडधडतं. कुणी मागून हाक मारली तरी दचकायला होतं आणि वडिलांवर खेकसलं जातं, मग त्याचं वाईट वाटत राहतं ते दिवसभर. एक वाक्य मी तसंच्या तसं वहीत उतरवून ठेवलंय: "दिवसभर मीच कुणाला तरी धरत असते, मला कुणी हात लावला असं आठवतच नाही."

आधी डॉक्टर, मग टेबल

धडधड म्हटलं की मी हात लावत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवते. हे काही माझं फार मोठं तत्त्व नाही, साधी गोष्ट आहे, थायरॉइड जास्त चालत असेल किंवा रक्त कमी असेल तरी माणूस असाच दचकतो, असाच थकतो, असाच पहाटे उठून बसतो आणि आपण मात्र ताण ताण म्हणत खांदे चोळत बसायचं, असं नको. त्यांचा ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बीपी सगळं झालं. बीपी जरा वरच्या बाजूला होतं, बाकी ठीक, डॉक्टरांनी बॉडीवर्कला हरकत नाही म्हटलं आणि बीपीसाठी परत बोलावलं.

मी स्वतः विचारते त्या गोष्टी वेगळ्या: पोटरी एका बाजूने सुजलीये का, दुखतेय का (शिरेत गुठळी असली तर तिथे मालिश अजिबात नको), रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येतो का, ताप, त्वचेचा संसर्ग, नुकताच डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव किंवा धमनीला फुगा असा काही इतिहास. शेवटच्या दोन-तीन गोष्टींत डोकं-मानेवरचं काम किती का हलकं असेना, करायचंच नाही. यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

मोजमापाला दोन साध्या गोष्टी वापरल्या. एक म्हणजे शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये आणलेली पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल, तिची दहा प्रश्नांची आवृत्ती, गेल्या महिन्यात गोष्टी हाताबाहेर गेल्यासारख्या वाटल्या का अशा धर्तीचे प्रश्न, एकूण ० ते ४०. रोगनिदान नाही ते, फक्त त्या माणसाला स्वतःला किती जड जातंय त्याचा अंदाज. साधारण २७ च्या वर गेलं की जास्त ताण असं लोक धरतात, या तिथेच होत्या, "टेन्शन नाहीये" म्हणत. दुसरी गोष्ट म्हणजे आपल्याला सगळ्यात जास्त छळणारे दोन त्रास स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि ० ते ६ मध्ये मार्क द्यायचे. ही पद्धत शार्लट पॅटरसन या डॉक्टर बाईंनी १९९६ मध्ये मांडलेली. मला ती आवडते कारण त्रास कोणता ते थेरपिस्ट ठरवत नाही. यांनी लिहिलं, "पहाटेची जाग" आणि "वडिलांवर ओरडणं". खांदे लिहिलेच नाहीत!

काय वापरलं आणि त्यातलं काय मानलं नाही

हलक्या हाताचं बॉडीवर्क म्हणजे एक काही नाही, बरेच प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा आपापला गुरू आणि आपापली थिअरी. मी यांच्यावर जे केलं त्याचा बराचसा भाग क्रेनिओसॅक्रलमधून आलेला, म्हणजे कवटीपासून कंबरेखालच्या त्रिकोणी हाडापर्यंत अगदी हलक्या हाताने करायचं काम. त्याचं मूळ ऑस्टिओपॅथीत, म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हाताने हाताळून उपचार करायच्या पद्धतीत. विल्यम सदरलँड नावाचे अमेरिकन ऑस्टिओपॅथ होते, कवटीची हाडं एकमेकांवर किंचित सरकतात असं त्यांना वाटायचं, १९३० च्या दशकात त्यांनी यावर आपली पद्धत बसवली. पुढे जॉन अपलेजर यांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत असताना आणि नंतर ते सामान्य थेरपिस्टांपर्यंत आणलं, १९८५ मध्ये स्वतःची संस्था काढली. त्यात शिकवतात की दाब साधारण ५ ग्रॅम ठेवायचा, आणि मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्याची एक लय असते ती हाताला जाणवते.

आता माझं मत. ५ ग्रॅमचा हात ठेवायला शिकणं हे सोनं आहे, त्याने थेरपिस्टची घाई जाते. पण ती लय? एकाच माणसाची लय दोन थेरपिस्टांना मोजायला लावली तर आकडे जुळत नाहीत, हे वेगवेगळ्या अभ्यासांत परत परत दिसलंय. जी गोष्ट दोघांच्या हाताला वेगवेगळी लागते तिच्यावर मी उपचार करतेय असं म्हणणं मला जमत नाही. म्हणून मी पकड घेते, थिअरी ठेवून देते. आमच्या लाइनमधल्या काहींना हे पटत नाही, चालायचंच.

मग ताणावर याचा उपयोग का होतो? थोडं थांबून सांगते कारण पुढे सेशनमध्ये जे घडलं ते यावरच आहे. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे हाताची मागची बाजू, दंड, पाठ वगैरे, एक जातीचे बारीक मज्जातंतू असतात, सी-टॅक्टाइल म्हणतात त्यांना. यांच्यावर मायलिनचं वेष्टण नाही त्यामुळे निरोप सेकंदाला साधारण एक मीटरच्या चालीने जातो, अगदी आरामात. ते सगळ्यात जास्त पेटतात ते सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ फिरणाऱ्या हाताला, आणि तोही त्वचेइतक्या कोमट, ३२ अंशांच्या आसपासच्या. म्हणजे भराभर चोळलं तर हे तंतू फारसे बोलत नाहीत, थंडगार हात ठेवला तरी नाही. त्यांचा निरोप मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात जातो, जिथे "आतून कसं वाटतंय" याचा हिशेब चालतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी, ओके व्हॅल्बो आणि होकान उलाउसन यांनी, यावर बरंच काम केलंय.

पण याचा अर्थ जितकं हलकं तितकं बरं असाही नाही! मिगेल डिएगो आणि टिफनी फील्ड यांचा २००९ चा अभ्यास आहे, मध्यम दाबाच्या मालिशने व्हेगस नर्व्हचं (मेंदूतून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी नस) काम वाढल्याची चिन्हं दिसली, म्हणजे शरीर शांत होण्याकडे, आणि अगदीच हलक्या दाबाने उलट शरीर सावध झालं. गुदगुल्या होतात ना, तेच ते. आधीच सावध बसलेल्या माणसाला वरवर बोटं फिरवली तर तो अजून सावध होणार. हलका हात म्हणजे भुरभुरता हात नव्हे, टेकलेला हात.

टेबलवर

कपडे अंगावर, वर चादर, उताणं झोपायचं. त्या झोपल्या आणि चादरीच्या वर दोन्ही मुठी आवळलेल्या. डोळे मिटा म्हटलं की पापण्या थरथरतात, म्हणून म्हटलं उघडे ठेवा, छताकडे बघत बसा. मी आधी नियम सांगितला: कुठेही हात ठेवायच्या आधी मी सांगणार, तुम्ही कधीही "थांबा" म्हणायचं, कारण द्यायचं नाही, मी लगेच हात काढणार. त्या हसल्या, "कशाला थांबा म्हणेन, मीच तर आलेय ना."

पायांपासून सुरुवात केली. ताणलेल्या माणसाच्या मानेला पहिल्याच मिनिटाला हात घालायचा नाही असं माझं मत, तक्रार तिथली असली तरी. घोट्यांवर दोन्ही हात टेकवले आणि काहीच केलं नाही, झोपलेल्या बाळाच्या पाठीवर आपण जितका हात टेकवतो तितकंच वजन. थोड्या वेळाने वर सरकून त्यांचा उजवा हात मनगट आणि कोपरापाशी आधार देऊन वीतभर उचलला, जरा हलवला, आणि हळूच माझे हात खालून काढून घेतले.

हात तिथेच! हवेत. कुणी धरलेला नाही, तरी वीतभर वर, तसाच तरंगत.

हे खूप जणांचं होतं, आणि मला ताणाच्या कुठल्याही फॉर्मपेक्षा यातून जास्त कळतं. माणसाला वाटत असतं आपण हात सोडलाय, समोरच्याच्या हातात दिलाय, प्रत्यक्षात तो स्वतःच तो हात धरून असतो, मी उचलायच्या आधी मला मदत करत असतो. त्यांना म्हटलं, बघा तुमचा हात. त्यांनी बघितलं आणि खाली ठेवला, म्हणजे ठेवलाच, पडला नाही. "मी सोडला होता की!" खरंच त्यांना तसंच वाटत होतं.

इथे "रिलॅक्स व्हा, सैल सोडा" असं म्हणून काही होत नाही. ज्या बाईला सैल म्हणजे कसं हेच अंगाला आठवत नाहीये तिला सैल सोडा म्हणणं म्हणजे तिला अजून एक काम देणं, आणि कामं ती सगळी नीट करते, हेही नीट करायला बघणार, त्यात अजून ताठ होणार. मग उलटं केलं. म्हटलं हा हात आता मुद्दाम जड करू नका, उलट तुम्हीच धरून ठेवा, जोरात, मी फक्त खाली हात ठेवते. दहा-बारा सेकंद त्यांनी धरला, मग दमल्यावर थोडासा, अगदी थोडासा, माझ्या तळहातावर भार आला. तेवढ्यावर थांबले. पहिल्या दिवशी खांद्यांना मी जवळजवळ काहीच केलं नाही आणि त्या थोड्या नाराजच होऊन गेल्या असाव्यात, जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी जरा जोर लावा."

जोर लावला नाही. दर आठवड्याला एक सेशन, साधारण पाऊण तास, असं अडीच-तीन महिने चाललं. क्रम बहुतेक तोच ठेवायचे, पाय, मग कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाखाली तळहात, मग बरगड्यांच्या खालच्या कडेवर एक हात पुढून एक मागून, मग खांदे, शेवटी डोक्याखाली. तोच क्रम का, तर पुढे काय येणार ते शरीराला आधी कळलं की त्याला पहारा ठेवायची गरज उरत नाही. दचकणाऱ्या माणसाला नावीन्य नको असतं. एका सेशनमध्ये मी दंडावरून संथ हात फिरवला तर त्यांना शहारे आले, आवडलं नाही, लगेच स्थिर पकडीवर आले. वर लिहिलेलं सी-टॅक्टाइल प्रकरण कागदावर सुंदर आहे, पण समोरच्या अंगाला नको असेल तर नको.

बरगड्यांवर हात ठेवला की एक गोष्ट स्पष्ट दिसायची. श्वास सगळा गळ्यापाशी, छातीचा वरचा भाग वर-खाली, खालच्या बरगड्या बंद दारासारख्या. आणि प्रत्येक श्वास सोडल्यावर पुढचा घ्यायच्या आधी जी छोटी विश्रांती असते ती नव्हतीच. मी दीर्घ श्वास घ्या म्हटलं नाही. नुसता हात ठेवून बसले, आतून ढकलायला हा हात मिळाला की बरगड्या आपोआप थोड्या थोड्या बाजूला जायला लागतात, कधी पाच मिनिटांनी कधी वीस. पोटात गुडगुड आवाज येतो, त्यांना त्याची फार लाज वाटायची, मला मात्र तो आवाज ऐकला की बरं वाटतं, आतडी परत कामाला लागली म्हणजे शरीर पळापळीच्या मोडमधून उतरतंय असा माझा अंदाज असतो.

"थांबा"

केस जिथे वळली ते इथे. साधारण महिना होत आला होता. जबड्याचं काम करायचं म्हणून मी सांगून दोन्ही गालांवर, दात आवळल्यावर जो स्नायू फुगतो त्यावर, बोटं टेकवली. अजून वजनही दिलं नव्हतं. श्वास अडकला, मान इंचभर मागे गेली. मी काही न बोलता वाट बघितली. आणि त्या म्हणाल्या, "थांबा."

मी हात काढून मांडीवर ठेवले, एक फूट मागे सरकून बसले. काही विचारलं नाही. मिनिटभर शांतता, मग एक मोठा श्वास, मुद्दाम घेतलेला नाही तर आपसूक आलेला, उसासा टाइप, आणि मग पुढची दहा मिनिटं त्या कुणीही हात न लावता ज्या काही सैल झाल्या तशा आधीच्या कुठल्याच सेशनमध्ये झाल्या नव्हत्या. हात उचलून बघितला शेवटी, परवानगी घेऊन. जड. मी सोडला तेव्हा थप्प करून टेबलवर पडला.

नंतर बसून म्हणाल्या, "दोन वर्षांत मी कुणाला थांबा म्हटलेलं नाही. म्हणायची सोयच नाही." बरोबरच आहे, वडील रात्री हाक मारतात तेव्हा थांबा म्हणता येत नाही, ऑफिसला म्हणता येत नाही.

माझ्या मते या केसचं मर्म तंत्रात नाही, इथे आहे. स्पर्शाचा भाग आहेच, पण स्पर्श ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो शांत करतो. जेम्स कोन यांचा २००६ चा प्रसिद्ध प्रयोग आहे, १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सौम्य शॉक बसेल असा इशारा द्यायचे, आणि कधी नवऱ्याचा हात धरायला, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात धरला की मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी, अनोळखी हातानेही थोडी कमी, पण ज्यांचं नातं जास्त चांगलं त्यांना नवऱ्याच्या हाताचा फायदाही जास्त. म्हणजे त्वचेला मिळणारा दाब तोच असेल, कुणाचा हात आणि आपलं त्याच्याशी काय आहे यावर बरंच ठरतं. थेरपिस्ट तर अनोळखीच असतो. त्याच्याकडे नातं नाही, मग त्याने निदान थांबायचा हक्क तरी खराखुरा द्यायला हवा, फॉर्मवर सही घेण्यापुरता नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र गाडी खाली आली. त्या आल्या त्या चिडलेल्या, म्हणाल्या तीन दिवस सारखं रडू येतंय, उगाच, भांडी घासताना वगैरे, हे तुमच्यामुळे का? असं होतं कधी कधी, पहारा उतरला की जे अडवून धरलेलं असतं ते वर येतं. पण यावर मी फार गूढ बोलत नाही. स्नायूंमध्ये जुन्या आठवणी साठवलेल्या असतात, त्या दाबल्या की बाहेर येतात, असली वाक्यं आमच्याकडे सर्रास चालतात आणि रडणारं माणूस समोर असताना ती फार सोयीची पडतात, म्हणूनच मी टाळते. दमलेल्या माणसाला दोन वर्षांनी आडवं पडायला मिळालं, त्याला रडू आलं, एवढं पुरेसं आहे. खोदून विचारलं नाही. मात्र समुपदेशकाचं नाव सुचवलं, कारण पुढचं बोलणं ऐकायला हात पुरे पडत नाहीत आणि ते माझं शिक्षणही नाही. थोडे आढेवेढे घेतले त्यांनी, मग गेल्या. त्या आठवड्याचं सेशन आम्ही फक्त पायांवर केलं, डोळे उघडे, अर्धा तास.

घरचं काय

टेबलवर कितीही सैल झालं तरी माणूस घरी जाऊन त्याच पलंगापाशी उभा राहणार. म्हणून मी त्यांना एकच गोष्ट बघायला सांगितली, व्यायाम नाही, डायरी नाही: वडिलांना उचलायच्या आधी तुमचं काय काय आवळलं जातं ते बघा, बदलू नका, नुसतं बघा. पुढच्या वेळी येऊन म्हणाल्या, "मॅडम, मी खोलीच्या दारातच दात आवळते. अजून त्यांना हातही लावलेला नसतो." श्वासही तिथूनच धरलेला, उचलून होईपर्यंत सुटत नाही. दिवसातून किती वेळा त्या खोलीत जात असतील त्याचा हिशेब केला तर जबडा का दुखतो हे वेगळं सांगायला नको.

हे दिसल्यावर पुढचं त्यांनी स्वतःच केलं. वडिलांच्या फिजिओथेरपिस्टला विचारून पलंगावर सरकवायची घसरती शीट आणि कमरेचा पट्टा आणला, उचलायच्या ऐवजी सरकवायला आणि टेकून वळवायला शिकल्या. खांद्यांना जो आराम मिळाला त्यातला मोठा वाटा त्या शीटचा आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं. बॉडीवर्कने काय केलं असेल तर त्यांना स्वतःचे आवळलेले दात दिसले.

आणि भावाला फोन केला. काय बोलणं झालं माहीत नाही, पण महिन्यातला एक शनिवार-रविवार तो येऊन राहायला लागला.

आकडे, आणि आकड्यांबद्दल थोडं

तीन महिन्यांच्या शेवटी ताणाच्या प्रश्नावलीचा स्कोअर वरच्या पट्ट्यातून मधल्या पट्ट्यात आला, म्हणजे ताण संपला नाही, झेपण्यासारखा झाला. "वडिलांवर ओरडणं" जवळजवळ निम्म्यावर. "पहाटेची जाग" थोडीच कमी, जाग अजून येते पण आता परत झोप लागते म्हणाल्या. धडधड कधीतरीच. बीपी डॉक्टर बघतायत, त्याचं श्रेय-अपश्रेय माझ्याकडे नाही.

आता यातलं किती माझ्या हातांमुळे? एका केसवरून सांगताच येत नाही. त्रास टोकाला गेला की माणूस मदत शोधतो आणि टोकाला गेलेली गोष्ट काही न करताही थोडी खाली येते. शीट आली, भाऊ आला, समुपदेशक आला, आणि आठवड्यातून पाऊण तास फोन बंद करून आडवं पडणं हाही उपचारच की. मालिशवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा ख्रिस्तोफर मॉयर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये घेतला होता, त्यात एका सेशनने त्या वेळची बेचैनी, नाडी आणि बीपी कमी होतं असं दिसलं, आणि बरीच सेशन्स झाली की स्वभावातली चिंता आणि उदासी कमी व्हायचा परिणाम मानसोपचाराच्या जवळपास जाणारा. तो मालिशचा आढावा आहे, माझ्यासारख्या स्थिर पकडींचा नाही, त्यामुळे सरळ उचलून मी माझ्या कामाला लावणार नाही. आणि कॉर्टिसॉल! ताणाचं हार्मोन धडाधड उतरतं असं प्रत्येक जाहिरातीत असतं, पण मॉयर यांच्याच २०११ च्या आढाव्यात तो परिणाम अगदी किरकोळ निघाला, बऱ्याच वेळा नाहीच म्हणण्याइतका. तरी लोकांना बरं वाटतं हे खरं आहे, फक्त ते कॉर्टिसॉलमुळे वाटतं असं छापू नये.

कुणी असंच काम करत असेल तर त्यांच्यासाठी एक-दोन प्रॅक्टिकल गोष्टी. हात कोमट ठेवा, थंडीत गरम पाण्यात बुडवून पुसून मग लावा. हात ठेवायला जितका वेळ घेता तितकाच काढायलाही घ्या, पटकन उचललेला हात दचकवतो. आणि सेशननंतर त्या माणसाला गप्पा मारायला लावू नका, उठायला पाच मिनिटं द्या, उताण्यावरून थेट न उठता कुशीवर वळून उठू दे, बीपीवाल्यांना तर नक्कीच, चक्कर येते. स्वतः काळजीवाहू असलेल्या लोकांशी एक जास्तीची काळजी: त्यांना "आता स्वतःकडे लक्ष द्या" असलं काही सुनावू नका, त्यांनी ते शंभर जणांकडून ऐकलेलं असतं आणि वेळ कुठून आणायचा ते कुणीच सांगितलेलं नसतं.

सध्या त्या महिन्यातून एकदा येतात, भाऊ घरी असतो त्या शनिवारी. पहिल्यांदा हात उचलला की अजूनही अर्धवट तरंगतो, दुसऱ्यांदा नाही. जबड्याचा कट्ट आवाज मात्र गेलेला नाही आणि दोन दाढांच्या कडा घासल्यासारख्या वाटतात म्हणाल्या, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे पाठवलंय, रात्री घालायचा गार्ड बनवायचं चाललंय.